दिवा हाय, थांबा

अकोले स्टँडवर एक जीप अशी आहे, की तिच्यात माणसं भरलेली असतात, दारं लावून झालेली असतात, ड्रायव्हर जागेवर बसलेला असतो, त्यानं किल्लीही फिरवलेली असते, आणि तरी गाडी चालू होत नाही. ड्रायव्हर दोन्ही हात मांडीवर ठेवून डॅशबोर्डाकडं बघत बसतो. मागून कोणीतरी विचारतं, "काय झालं ओ?" त्यावर मान न वळवता तो म्हणतो, "दिवा हाय."

हा रंगनाथ आरोटे. स्टँडच्या मागं माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यामुळं हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही. हातात वायर सोलायचा चिमटा धरून मी बघत राहायचो आणि माझं डोकं तापायचं. मला बिघाड सहन होत नाही. कुणाच्या गाडीचा एक इंडिकेटर लागत नसला तरी रस्त्यात थांबवून सांगायची माझी सवय आहे, आणि त्यापायी मी शिव्याही खाल्ल्या आहेत.

हा दिवा कसला ते सांगतो. डिझेलची गाडी थंड असली, की इंजिनातले हीटर प्लग आधी तापावे लागतात. किल्ली फिरवली की डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो आणि टायमर प्लगांना करंट सोडतो. प्लग तापले की बॉनेटखाली 'टक्' असा बारीक आवाज येतो, करंट तुटतो आणि त्याच क्षणी दिवाही विझतो. मग सेल्फ मारायचा. दिवसा एखादा जांभई देईल तेवढ्यात, पहाटेच्या गारठ्यात फार तर अर्ध्या मिनिटात हे सगळं आटपतं, आणि इंजिन गरम असेल तर सेन्सर तसं टायमरला कळवतो, मग तेवढंही लागत नाही. बाकीचे ड्रायव्हर दिव्याकडं बघतही नाहीत. रंगनाथच्या गाडीत मात्र इंजिन भट्टीसारखं तापलेलं असलं तरी दिवा लागला की लागलाच. तेवढ्यात माणूस खाली उतरून पान बांधून परत यायचा.

"रंगनाथ, सेन्सर गेलाय तुझा," मी म्हणायचो. "टायमरला वाटतंय बाहेर बर्फ पडलाय. दहा मिनिटांचं काम आहे, आण गाडी."

तो माझ्याकडं बघायचा. उत्तर लगेच नाहीच. त्याच्या पोटातही एक टायमर असावा. कुणी काही विचारलं की आधी गप्प, मग थोडी हनुवटी खाजवणार, मग बोलणार. "ऱ्हाऊ द्या हमीदभाई. चाललंय."

एवढ्यावरच थांबलं असतं तर ठीक. पण हा माणूस सगळा संसारच त्या दिव्यावर चालवायचा. फोन वाजला की तीन-चार वेळा वाजू द्यायचा. चहा समोर आला की वाफ जाईपर्यंत कपाला हात लावायचा नाही. गावातल्या लोकांनी त्याला ग्रामपंचायतीला उभं राहण्याचा आग्रह केला, तेव्हा तो "दिवा हाय अजून" म्हणत बसला आणि अर्ज भरायची मुदत निघून गेली. त्याची बायको सिंधू एकदा दुकानात बसून सांगत होती, "लग्नात अंतरपाट बाजूला झाला, समदी टाळ्या वाजवाय लागली, आन् हे हार धरून तसेच हुबे. मला वाटलं, पसंत न्हाई का काय."

एकदा राजूरकडच्या लग्नाला नवरदेव त्याच्या जीपमध्ये होता. मुहूर्ताला थोडाच वेळ राहिलेला. नवरदेवाचा मामा पुढच्या सीटवर, हातात घड्याळ. रंगनाथनं किल्ली फिरवली आणि हात मांडीवर ठेवले. मामानं आधी विनवलं, मग दरडावलं, मग स्वतःच हात घालून किल्ली फिरवायला गेला. रंगनाथनं त्याचा हात हळूच धरून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मामा, दिवा हाय. दिवा गेल्याशिवाय न्हाई." नवरदेव बोहल्यावर वेळेत पोचला, पण मामा परतीला दुसऱ्या गाडीत बसला.

ही शिस्त त्याला वडिलांनी लावली होती. आण्णा म्हणजे त्या रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर. भंडारदऱ्याच्या घाटात त्यांनी आयुष्य काढलं. त्यांचा नियम असा होता, की सकाळी अंगणात गाडीची किल्ली फिरवायची आणि दिवा लागला की खाली उतरायचं. काठीनं चारी टायर ठोकायचे, मागची स्टेपनी ठोकायची, बॉनेटवर थाप मारायची. तोवर दिवा विझतो. विझला की क्षणभरही थांबायचं नाही, सेल्फ मारायचा आणि निघायचं. दिवा असताना सेल्फ मारणारा ड्रायव्हर त्यांना चालत नव्हता, आणि दिवा गेल्यावर रेंगाळणाराही चालत नव्हता. पोरगा हाताशी आल्यावर त्यांनी किल्ली त्याच्याकडं दिली, पण फेरी स्वतःकडंच ठेवली. पोरगा आत बसून दिवा बघणार, बाप बाहेरून टायर बघणार, बाप "निघ" म्हणणार.

आण्णांचा कान हा आमच्या धंद्यात दबक्या आवाजात बोलण्याचा विषय होता. ते दुकानापुढून गाडी नेत असले तरी मी हातातलं काम थांबवायचो. "मिस्तरी, त्या टेम्पोचा डायनॅमो रडतोय," असं जाता जाता सांगून जायचे. मी खोलून बघायचो आणि ते खरं निघायचं. मला राग यायचा, पण काय करणार.

मग काही वर्षांपूर्वी आण्णांना लकवा झाला. उजवा पाय ओढत चालायला लागले, जीभ थोडी जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, नाहीतर पाय कायमचा जाईल. आण्णांना चाला म्हणून सांगणारा अजून जन्माला यायचा होता. काम नसताना नुसतं चालायचं, ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. ते ओट्यावर खाट टाकून बसले ते बसलेच. हे मला रंगनाथनं त्याच दिवसांत बॅटरीत पाणी घालून घेताना सांगितलं होतं. सांगताना तो डॅशबोर्डाकडं बघत होता.

गेल्या थंडीत एक दिवस रंगनाथची जीप दुसऱ्या जीपच्या मागं दोरीनं बांधून दुकानात आली. सकाळी किल्ली फिरवली तर दिवा लागलाच नाही. प्लग तापले नाहीत, गाडी उठली नाही. रंगनाथचा चेहरा असा होता, की घरात काही वाईट झालंय असं कुणालाही वाटावं.

"दिवाच गेला हमीदभाई," तो म्हणाला.

"गेला तर गेला. लावून देतो."

मी आधी दिव्याचा बल्ब काढून पाहिला. चांगला होता. फ्यूज शाबूत. मग टेस्ट लॅम्प घेऊन टायमरपाशी गेलो. टायमरला येणाऱ्या वायरला लॅम्प पेटला. टायमरमधून प्लगांकडं आणि दिव्याकडं जाणाऱ्या वायरींना पेटला नाही. करंट आत जातोय, बाहेर येत नाही. टायमर उघडला तर आत काळं झालेलं, जळका वास. वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त वेळ चालवल्यावर दुसरं काय होणार. मग मी मूळ दुखण्याकडं वळलो, म्हणजे सेन्सरच्या वायरीकडं. मला वाटलं होतं उंदरानं कुरतडली असेल. पण ती कुरतडलेली नव्हती. पक्कडीनं कापून दोन्ही टोकांना नीट काळी टेप गुंडाळलेली होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

रंगनाथनं हनुवटी खाजवली. मग तो चाकाची हवा बघायला खाली वाकला. एखाद्या अर्ध्या शिकलेल्या पोरट्याचं काम असेल असं मी समजलो. वायर जोडली, नवा टायमर बसवला, किल्ली फिरवली. दिवा लागला, 'टक्' झालं, दिवा गेला. सेल्फला हात लावताच गाडी उठली. इतकं स्वच्छ काम झालं की मी स्वतःच दोनदा बंद-चालू करून पाहिलं. स्टँडवरच्या माणसांनी मला चहा पाजला. आता रंगनाथच्या गाडीत बसायला हरकत नाही म्हणाले.

आठवडाभरात रंगनाथ परत आला. "हमीदभाई, दिवा लवकर विझतो."

"विझायलाच पाहिजे."

"लई लवकर विझतो."

मी किल्ली फिरवून पाहिली. गाडी घाट उतरून आलेली, तापलेली. दिवा डोळा मिचकावून गेला. "बरोबर आहे," मी म्हणालो. तो गेला. दोन दिवसांनी परत. परत तेच. माझं डोकं फिरायला लागलं. आयुष्यभर लोक माझ्याकडं गाडी लवकर चालू होत नाही म्हणून येत आले, हा पहिलाच माणूस लवकर चालू होते म्हणून तक्रार घेऊन आला होता.

"गरम गाडीत मी काय बघू?" मी वैतागून म्हणालो. "थंड गाडीवरच कळेल टायमर नीट आहे का नाही."

हनुवटी खाजवत तो म्हणाला, "मग घरी या. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी."

दुसरा कुणी असता तर मी गेलो नसतो. पण माझ्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलं की मला जेवण जात नाही. पहाटे मोटारसायकल काढली, कानाला मफलर गुंडाळला, राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीवर पोचलो. भातखाचरांवर धुकं होतं. जीप अंगणात उभी, काचेवर दव. आण्णा ओट्यावर खाटेवर घोंगडी पांघरून बसलेले. मी सलाम केला, त्यांनी डाव्या हातानं केला.

"आन्ना, मिस्तरी आल्यात गाडी बघाया," रंगनाथ म्हणाला. "फेरी मारता का?"

"तूच मार," आण्णा म्हणाले.

"त्यास्नी दाखवायचंय. या की."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग काठी घेतली. पायऱ्या उतरताना रंगनाथनं हात पुढं केला, तो त्यांनी काठीनंच बाजूला सारला. गाडीपाशी आले. रंगनाथ आत बसला, किल्ली फिरवली. मी खिडकीतून दिवा बघत होतो. आण्णांनी बॉनेटला एक हात टेकवून पुढचा टायर ठोकला, मग वळसा घालून दुसऱ्या टायरकडं निघाले. पाय ओढत, एकेक पाऊल टाकत. ते दुसऱ्यापाशी पोचतात तोच 'टक्' झालं आणि दिवा गेला.

आण्णा जागच्या जागी थांबले. त्यांनी मागच्या टायरांकडं एकदा पाहिलं. मग काठी उचलून म्हणाले, "निघ."

रंगनाथनं सेल्फ मारला. मारावाच लागला. आण्णा वळले आणि ओट्याकडं चालायला लागले, आणि खाटेवर बसून त्यांनी घोंगडी तोंडावर घेतली.

रंगनाथनं गाडी बंद केली, मला गोठ्यामागं नेलं. त्या सकाळी पहिल्यांदा तो मी विचारायच्या आधी बोलला.

"लकवा झाल्यावर पयल्या महिन्यात असंच झालतं. निम्म्यात दिवा जायाचा. मग बाहेर यायचेच बंद झाले. एक दिवस ती सेन्सरची वायर आपोआप सुटली, आन् दिवा लई वेळ ऱ्हायला. त्या दिवशी त्यांची फेरी पुरी झाली. स्टेपनीपोतर गेले. घरात येऊन दोन भाकरी खाल्ल्या. म्हून मग मीच कापून टाकली."

"आणि टायमर जाळलास."

"जाळला."

मी म्हणालो, "अरे, सोपं आहे. दिवा गेला तरी बस तसाच थोडा वेळ."

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच चुकीचं काही बोललो. "दिवा गेल्यावर थांबायचं न्हाई, हे त्यांनीच शिकवलंय मला. मी थांबलो तर त्यांला कळल का न्हाई, की पोरगं आपल्यासाठी थांबलंय? पुना ते खाटंवरनं उठायचे न्हाईत. तेवढीच एक फेरी हाय त्यांच्या पायाला. डाक्टर म्हणला, पाय गेला तर मग माणूस जातो."

"मग खोटं सांग. दिवा अजून आहे म्हण."

"ते खिडकीतनं बघत्यात. आन् मी त्यांच्याशी खोटं बोलत न्हाई." मग म्हणाला, "दिव्यानं बोलावं."

म्हणजे स्टँडवरचं ते थांबून बसणं, मामाचं घड्याळ, लोकांच्या शिव्या, हे सगळं तो या एका फेरीसाठी सोसत होता. वायर फक्त सकाळी काढायची आणि दिवसा जोडायची, एवढी युक्ती त्याच्या डोक्यात आली नसेल असं नाही. पण दिवसा लवकर विझणारा दिवा सकाळी उशिरा विझला तर आण्णांच्या कानावर कुणीतरी घालेल, ही भीती त्याला असणार. त्यानं सगळ्या गावाला वाट बघायला लावली, म्हणजे बापासाठी वेगळं थांबतोय असं दिसलं नाही. मला त्या माणसाची माया आली, आणि इतके दिवस त्याच्यावर चिडलो म्हणून स्वतःचा रागही आला.

सेन्सरची वायर परत कापणं मला शक्य नव्हतं. नवा टायमरही जळला असता, प्लग जळले असते, आणि माझ्या हातानं मी तसलं काम केलं नसतं. दुकानात येऊन मी फक्त दिव्यापुरता एक वेगळा छोटा टायमर तयार केला. प्लग आपल्या वेळेला तापून सुटणार, दिवा मात्र आपल्या वेळेनं जळत राहणार. वेळ कमी-जास्त करायला त्याला एक स्क्रू ठेवला. गाड्यांचे दिवे खरं बोलावेत म्हणून मी केस पांढरे केले, आणि खोटं बोलणारा दिवा मी पहिल्यांदाच बनवत होतो. जोडणी इतकी काळजीनं मी कुणा पैसेवाल्याच्या गाडीचीही केली नसेल.

परत एका थंड सकाळी वाडीवर गेलो. डॅशबोर्डाखाली वायरी जोडल्या, स्क्रू अंदाजानं लावला, फेरीपेक्षा जरा जास्तच. रंगनाथ सीटवर बसला होता.

"आन्ना, दुरुस्त झालंय म्हणत्यात मिस्तरी. एकडाव बघा."

आण्णा आले. फार वेळ लागला यायला. बॉनेटला हात टेकवून उभे राहिले. रंगनाथनं किल्ली फिरवली, दिवा लागला. आण्णांनी पहिला टायर ठोकला. हात अजून बॉनेटवरच होता, आणि तेवढ्यात बॉनेटखाली 'टक्' झालं.

 सगळं केलं होतं, पण तो आवाज मी विसरलो होतो. आत बसलेल्या रंगनाथला तो ऐकू गेला नाही, त्याचं सगळं लक्ष दिव्यावर होतं. अंगणात दुसरा कसलाच आवाज नव्हता.

आण्णा थबकले. त्यांनी बॉनेटकडं पाहिलं, मग खिडकीतून आत पाहिलं. पिवळा दिवा तसाच जळत होता. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी पक्कड पुसत होतो, ती पुसतच राहिलो.

"दिवा?" आण्णांनी विचारलं.

"हाय आन्ना," रंगनाथ म्हणाला.

"मग बस. घाई करू नको."

आणि ते निघाले. दुसरा टायर. गाडीला हात लावत लावत मागं. तिसरा. मध्ये एकदा थांबून त्यांनी दम घेतला, आणि रंगनाथ आत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. स्टेपनी ठोकली, ती दोनदा. मग चौथा. मग परत पुढं येऊन बॉनेटवर हात ठेवून ते उभे राहिले. दिवा गेला. आण्णांनी थाप मारली.

"निघ."

जीप उतारावरून खाली गेली. वळणावर रंगनाथनं हॉर्न दिला. आण्णा तिकडं बघत उभे होते. कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत.

"मिस्तरी," ते म्हणाले, "लई आधीच टक् झालतं."

मी पक्कड पिशवीत टाकली.

"त्याला सांगू नका."

"नाही सांगत आण्णा."

त्यांनी मान हलवली. मग काठी माझ्या हातात दिली, ओट्याची पायरी चढण्यासाठी माझा खांदा धरला, आणि चढताना सगळा भार माझ्यावर टाकला.